कामगार खात्यातील वकील मध्यस्थ होऊ शकतो का?

प्रश्न : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. कामगार कायद्याच्या क्षेत्रात सरकारी सेवेत जावे, अशी माझी इच्छा आहे. धोरणांचे मसुदे तयार करणे आणि संप मिटवण्यासाठी मध्यस्थी करणे ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करू शकते का? वकील तर नेहमी कुणाच्या तरी बाजूने उभा असतो.

उत्तर : करू शकते, पण एकाच वेळी नव्हे. किमान वेतन न देणाऱ्या मालकावर सरकारी वकील खटला भरतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कायद्याचे बळ असते. मध्यस्थाला हुकूम सोडण्याचा अधिकारच नसतो. दोन्ही पक्षांचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने समेटाचे काम कामगार खात्याकडून काढून एका स्वतंत्र सेवेकडे सोपवले, ते याच कारणाने. कामगारांचे हित जपणारे खाते तटस्थ कसे राहील, हा मालकवर्गाचा आक्षेप त्यामागे होता. आक्षेप खरा होता की नाही, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे, कारण मध्यस्थाला नुसता संशयही परवडत नाही.

मात्र क्रमाक्रमाने दोन्ही कामे केलेली माणसे आहेत. विलर्ड वर्ट्झ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या युद्धकालीन कामगार मंडळात वकील होते, पुढे त्यांनी कायदा शिकवला, लवाद म्हणून काम केले आणि १९६२ ते १९६९ या काळात ते कामगारमंत्री होते.

मध्यस्थीत बहुतेकदा दोन पक्ष दोन खोल्यांत बसतात आणि मध्यस्थ त्यांच्यात ये-जा करतो. ‘आम्ही अमुक आकड्यापर्यंत खाली येऊ, पण हे तिकडे सांगू नका,’ असे एका खोलीत ऐकलेले वाक्य दुसऱ्या खोलीत चेहऱ्यावरही दिसू न देणे, हे वकिलीत मुरलेल्या माणसाला फार जड जाते. ही गुप्तता किती मोलाची आहे, हे अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९८० साली दाखवून दिले. करार झाला होता की नाही, हाच वादाचा मुद्दा होता आणि मध्यस्थाची साक्ष निर्णायक ठरू शकली असती. तरीही त्याला साक्षीला बोलावण्याची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही.

वकिलीचे शिक्षण खरे उपयोगी पडते ते पहाटे, थकलेल्या माणसांसमोर कराराचा मसुदा लिहिताना. ‘व्यवस्थापन जादा कामाचा मोबदला देईल’ आणि ‘देऊ शकेल’ यांतील फरक त्या क्षणी कुणाच्या लक्षात आला नाही, तर पुढचा संप त्याच एका क्रियापदावरून होतो.

धोरण लिहितानाही हा अनुभव कामी येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या ९२ व्या शिफारशीनुसार समेटाची प्रक्रिया विनामूल्य व जलद असावी आणि कायद्याने मुदत घातल्यास ती आधीच ठरलेली व कमीत कमी असावी. पगाराविना घरी बसलेल्या कामगाराशी ज्याने समोरासमोर बोलणे केले आहे, तो मसुद्यातील मुदतीचा रकाना भरताना दहादा विचार करतो. म्हणून आपण आरंभीची काही वर्षे मसुदे व खटले यांत घालवावीत, एखाद्या अनुभवी मध्यस्थाजवळ टिपणे घ्यायला बसण्याची संधी मिळाल्यास ती सोडू नये, आणि वेतन व उत्पादनखर्चाचे ताळेबंद वाचायला आजच शिकावे.