पाय दुखतात, पण नेमके केव्हा?

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय: सासरे तीन महिन्यांसाठी आलेत, चालताना पोटरी भरून येते, तर दुकानातून घट्ट मोजे आणून द्यावेत का?

ताई, मोजे आणण्याआधी त्यांच्याबरोबर एक फेरी मारून या. किती अंतरावर थांबतात आणि किती वेळाने पुन्हा निघतात, तेवढं बघा. माझे बाबा असेच थांबायचे. कुणाच्या तरी कुंपणापलीकडची फुलं न्याहाळायचे, दोन मिनिटांनी पुढे निघायचे. बाबांना फुलांची हौस, असं आम्ही वर्षभर समजत होतो. पोटरीला रक्त पुरत नव्हतं, हे फार उशिरा कळलं. त्याची हळहळ मला अजून आहे.

घरात आपण सगळ्यालाच 'नस' म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. चाललं की दुखतं आणि थांबलं की दुखायचं थांबतं, ही पायाची धमनी, म्हणजे पायाला रक्त पोचवणारी नस, अरुंद झाल्याची खूण. शिरांचं, म्हणजे रक्त परत वर नेणाऱ्या नसांचं, दुखणं वेगळं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, निळ्या नसा फुगून दिसतात आणि पाय उशीवर ठेवले की बरं वाटतं. घट्ट मोजे या शिरांसाठी. धमनी अरुंद असेल तर ते आधीच कमी पोचणारं रक्त आणखी अडवू शकतात. म्हणून आत्ता मोजे नकोत.

डॉक्टरांकडे एबीआय तपासणी मागा. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून तुलना करतात, सुई टोचत नाहीत. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, हा आकडा 0.9 किंवा त्याखाली आला तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. मधुमेह जुना असेल तर धमन्या कडक होतात आणि आकडा फसवा येऊ शकतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

उपचार म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. विडी-सिगारेट पूर्ण बंद. मशेरीचंही विचारा, आपली माणसं ती तंबाखूत धरतच नाहीत, पण निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. साखर आणि रक्तदाब ताब्यात, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, हे डॉक्टर ठरवतील. आणि चालणं! दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं; आठवड्यातून निदान 3 वेळा, 30 ते 45 मिनिटं, किमान 12 आठवडे. नेमाने केलं तर अंतर खरोखर वाढतं. एवढ्याने भागलं नाही तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास. मात्र रात्री झोपेत पाऊल ठणकत असेल, बोट काळं पडत असेल किंवा जखम भरत नसेल, तर थांबू नका. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर थेट इमर्जन्सी.

आणखी एक, कारण आईबाबा पंधरा-सोळा तास विमानात बसून येतात. पुढच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर तेल लावून चोळू नका. आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. गुठळी निघाली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण 3 महिने तरी घ्याव्या लागतात. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 911.

सासऱ्यांच्या विम्यात जुन्या आजाराचा खर्च धरलाय का, तेही आजच फोन करून विचारा.