वैद्यांना विचारा : सांध्यांना तेल लावलं की जास्तच दुखतं

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझं वय 47, नोकरी करते. दोन वर्षं झाली, अ‍ॅसिडिटी आहे, रोज सकाळी पित्ताची गोळी घेते. पोट साफ होत नाही म्हणून रात्री चूर्ण. आता सहा महिने झाले बोटं आणि गुडघे सकाळी तासभर आखडतात, रोज तिळाचं तेल कोमट करून चोळते पण त्याने जास्तच जड होतात. यूट्यूबवर बघून गुळवेलीचा काढाही सुरू केलाय. भूक अशी लागत नाही, वेळ झाली की जेवते. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही तीन दुखणी लिहिलीत पण मला तुमचं शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटलं. भूक नसताना जेवणं, आधीचं पचायच्या आत वरून खाणं, याला आपल्याकडे अध्यशन म्हणतात. अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद झाली की अन्न अर्धवट पचतं, तो आम, आणि तोच वाताबरोबर सांध्यात जाऊन बसला की सकाळी बोटं अशी लाकडासारखी होतात. म्हणून तर तेलाने वाढतंय! या दुखण्याला आमवात म्हणतात, आमवातात सुरुवातीला तेल चोळायचं नसतं, चक्रदत्त या जुन्या आयुर्वेद ग्रंथात या रोगाच्या उपचारात पहिला शब्द लंघन आहे, दुसरा स्वेदन, म्हणजे शेक. तेल पूर्ण बंद करा.

लंघन म्हणजे कडक उपास नाही हं, तुम्हाला तो झेपणारही नाही. चार वाजताचा चहा-खारी सोडा, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि हलकं, मुगाचं पातळ वरण, जुन्या तांदळाचा भात किंवा ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, शेवगा. रात्री दही नको, शिकरण तर अजिबातच नको, दूध आणि केळं हा विरुद्ध आहार. सुंठ पचनाला चांगली पण तुम्हाला पित्त आहे म्हणून चिमूटभरच, जळजळ वाटली तर सुंठ बंद करून धण्याचं पाणी घ्या. आणि संडासला लागली की ऑफिसच्या गडबडीत दाबून ठेवू नका, चरकांनी जे 13 वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, अडवू नका म्हटलंय त्यात हाही आहे, नुसतं चूर्ण वाढवत नेऊन ही सवय सुटत नाही.

आता कळकळीने सांगते, एक तासाचा आखडलेपणा मी फक्त आहारावर सोडणार नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, या रोगात उशीर झाला की सांधे वाकडे होतात आणि ते परत सरळ होत नाहीत. पित्ताची गोळी एकदम बंद केली तर अ‍ॅसिडिटी उसळते, डॉक्टरांना विचारून कमी करा, आणि दोन वर्षं चालू आहे तर व्हिटॅमिन बी12 पण तपासा. गुळवेलीचा काढा मात्र आजच थांबवा, 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस छापल्या होत्या, त्यावर वाद झाला हे खरं पण स्वतःच्या मनाने रोज घेणं मला मान्य नाही.

तेलाऐवजी वाळूचा शेक घ्या. मूठभर वाळू कढईत कोरडीच भाजायची, जाड सुती कापडात पुरचुंडी बांधायची, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, चटका बसत नसेल तरच सांध्यावर, दहा मिनिटं, उपाशीपोटी. सांधा लाल, गरम असेल त्या दिवशी नको. बांधकामाची वाळूही चालेल पण ती चाळून, धुवून, उन्हात खडखडीत वाळवून घ्या.