झाड उंच म्हणून कॉफी जास्त?

प्रश्न : कॉफीचे नवे वाण निवडताना झाडाची उंची, खोडाचा घेर, फांद्या अशी मोजमापे घेतात. त्यांचा उत्पन्नाशी खरोखर संबंध असतो का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : असतो, पण सगळ्या लक्षणांचा सारखा नसतो. अरेबिका कॉफीला फळे धरतात ती मुख्यतः आदल्या हंगामात वाढलेल्या आडव्या फांद्यांच्या पेरांवर, म्हणजे पाने फुटतात त्या सांध्यांवर. म्हणून अशा फांद्यांची संख्या, त्यांची लांबी आणि विशेषतः त्यांवरील पेरांची संख्या उत्पन्नाशी थेट जोडलेली असते. नुसती उंची मात्र फसवी ठरते, कारण दाट सावलीत दोन पेरांमधले अंतर वाढूनही झाड उंच होते आणि फळे धरण्याच्या जागा तेवढ्याच राहतात. यासाठीच तुलना नेहमी सारख्या सावलीतल्या, एकाच वयाच्या झाडांमध्ये करावी. कर्नाटकातील बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘चंद्रगिरी’ हा बुटका, पेरांमधले अंतर कमी असलेला, दाट झुडपाचा वाण पाहिला की हे चटकन पटते. त्याच संस्थेचा जुना ‘एस. ७९५’ उंच वाढतो आणि तरीही चांगला पिकतो, तेव्हा बुटकेपणा ही अट मानू नये.

मोजमापांचा खरा उपयोग वेळ वाचवण्यात आहे. पहिल्या पिकालाच तीन-चार वर्षे लागतात, शिवाय अरेबिका एका वर्षी भरघोस आणि पुढच्या वर्षी कमी येते. त्यामुळे एका हंगामाच्या वजनावर निवड करणे धोक्याचे असते. लवकर घेतलेल्या नोंदींवरून कमकुवत रोपे आधीच वगळता येतात. अंतिम निवड मात्र अनेक हंगामांच्या उत्पन्नावरच व्हावी.