एसटीपी बांधला तरी नदीत काळं पाणी का? – माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात एवढा खर्च करून एसटीपी (मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट) बांधला, तरी नदी काळी आणि वास तसाच, मग उपयोग काय. मी अशाच एका गावच्या प्लांटवर ऑपरेटर होतो म्हणून लिहितोय.

एक कारण सगळ्यांना माहितीय, भुयारी गटार झालं तरी घरजोडण्या होत नाहीत, नाले परस्पर नदीत जातात. पण जे पाणी प्लांटला येतं तेही नीट शुद्ध होत नाही, ते वीजबिल वाचवण्यापायी.

प्लांट म्हणजे जिवंत बॅक्टेरिया, टाकीतल्या गाळात तेच असतात आणि घाण खातात. त्यांना ब्लोअरने (हवा फुंकायच्या मशीनने) हवा लागते, पाण्यात लिटरला साधारण 2 मिलिग्रॅम ऑक्सिजन टिकला पाहिजे. आमच्या ठेकेदाराचा सुपरवायझर कायम म्हणायचा, रात्री ब्लोअर बंद ठेव, कोण बघायला येतंय, आणि लाइट गेली तर डिझेल जाळू नको. मी ऐकायचो नाही. रोज एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचो, तपकिरी गाळ छान खाली बसायचा, वर नितळ पाणी, वास ओल्या मातीसारखा. मग मी बहिणीच्या लग्नाला रजेवर गेलो आणि बदली पोराने सुपरवायझरचं ऐकलं. आलो तर टाकी काळी, सडक्या अंड्यांचा वास, गाळ वर तरंगतोय, आणि रजिस्टरमध्ये काय लिहिलेलं, तर ऑपरेटर गैरहजर! शेजारच्या गावच्या प्लांटवरून टँकरने गाळ आणला, शेणकाला टाकला, तेव्हा कुठे हळूहळू रंग परत आला, तोवर सगळं तसंच नदीत गेलं. तो सुपरवायझर आजही म्हणत असेल की मैलापाण्याचा प्लांट म्हटल्यावर वास येणारच. साफ चूक. एअरेशन टाकीला, म्हणजे ब्लोअरची हवा सोडतात त्या टाकीला, सडका वास मारला म्हणजे तिथे हवा कमी पडतेय.

म्हणून तुम्ही बीओडीचे (पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्या मापाचे) रिपोर्ट मागत बसू नका. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी लिटरला 200-300 मिलिग्रॅम असतो, तो 30 च्या खाली आल्याचा कागद सॅम्पलच्या दिवसापुरता मिळतो. माहितीच्या अधिकारात प्लांटची वर्षभराची वीजबिलं मागा, सोबत जनरेटरच्या डिझेलचा हिशोब. युनिट अर्धेच पडलेले दिसले की कुठल्या महिन्यात ब्लोअर झोपवला ते कळतं. आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला पगार वेळेवर मिळतो का तेही विचारा, आम्हाला मिळत नव्हता.

हां, एक राहिलं, तुमचा प्लांट एसबीआर पद्धतीचा (एकाच टाकीत पाळीपाळीने हवा देणं, गाळ बसवणं आणि पाणी काढणं) असेल तर प्रत्येक सायकलमध्ये गाळ बसायला आणि वरचं पाणी काढायला त्या टाकीची हवा मुद्दाम बंद करतात. रात्री पाणी कमी येतं तेव्हा ऑक्सिजन मीटर बघून ब्लोअरचा वेग उतरवणंही बरोबरच आहे. त्यामुळे टाकी शांत दिसली की लगेच व्हिडिओ टाकून तिथल्या पोराला बदनाम करू नका, आधी त्याला सायकलची वेळ विचारा.