ग्रीस लावताना हात आखडता घ्या

पेंटबॉल मार्करच्या, म्हणजे रंगाचे गोळे झाडणाऱ्या बंदुकीच्या, रेग्युलेटरबद्दल या वेळी चार प्रश्न घेतले आहेत. टाकीवरचा रेग्युलेटर हवा साधारण ८०० पीएसआय (प्रेशरचं एकक) इतक्या प्रेशरवर आणतो, मार्करचा रेग्युलेटर ती आणखी खाली उतरवतो. उत्तरं मार्करच्या रेग्युलेटरबद्दल आहेत.

क्रोनोग्राफवर (गोळ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पहिला गोळा ३१० दाखवतो, पुढचे २८०. ग्रीस कमी पडलंय का? (पुणे)

नाही. याला क्रीप म्हणतात. मार्कर दोन मिनिटं नुसता पडून राहिला की सीटमधून, म्हणजे हवा अडवणाऱ्या भागातून, हवा झिरपते, आतलं प्रेशर चढत जातं आणि पहिला गोळा जोरात सुटतो. बहुतेक मैदानांवर मर्यादा २८० ते ३०० फूट प्रति सेकंद असते. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत खेळू नका.

टाकी काढा, गॉगल लावून उरलेली हवा फायर करून सोडा, मग रेग्युलेटर उघडा. सीट ही लहानशी टणक चकती असते. उजेडात तिरकी धरलीत की पिस्टनच्या कडेचं वर्तुळ उमटलेलं दिसेल. वर्तुळ उथळ आणि सगळीकडे सारखं असेल तर फडक्याने पुसून परत बसवा. एका बाजूला खाच पडली असेल तर सीट बदला. सीटवर ग्रीस मात्र अजिबात नको, त्याला धूळ चिकटते आणि क्रीप वाढते. जे सरकतं त्याला ग्रीस, सीट कोरडी.

सरकतात त्या पिस्टनवरच्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. बोटाच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस घ्या आणि रिंग चिमटीत फिरवा. ती ओली चमकली की झालं. पांढरा थर दिसला तर जास्त झालं, पुसून टाका. मीही सुरुवातीला ग्रीस थापायचो. जास्तीचं सगळं पुढे सरकून सीटवर जाऊन बसायचं, आणि मी दोष सीटला द्यायचो!

कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीसच वापरा. बऱ्याच मार्करना डाऊ ३३ चालतं. डाऊ ५५ रबर किंचित फुगवतं. गळकी रिंग थांबते, पण सरकणारी आवळूही शकते. व्हॅसलीन बाथरूममध्येच राहू दे.

टाकी भरायच्या निपलमध्ये तेलाचा थेंब टाकावा, असं मित्र म्हणतो. (न्यू जर्सी)

मित्राला आवरा. तिथे ३,००० ते ४,५०० पीएसआयची हवा झपकन आत शिरते, दबून तापते आणि तेल पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं, तसंच.

आमच्याकडे टिपमन ९८ मार्कर आहेत. त्यांचा रेग्युलेटर सापडत नाही. (अलिबाग)

सापडणार नाही, कारण मूळ मार्करला तो नसतोच. टाकीतून येईल त्या प्रेशरवर तो चालतो. टाकी काढून, जिथे ती जोडता त्या मार्करच्या तोंडात मार्करच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, टाकी जोडा आणि गोळे न भरता काही वेळा फायर करा. वरच्या उत्तरातलं निपल टाकीवरचं, हे तोंड मार्करचं, गल्लत नको.

सर्व्हिसिंगनंतर एक बारका वायसर उरला. मार्कर चालतोय. चालू द्यावा का? (नाशिक)

नको. बशीसारखा वाकलेला असेल तर तो स्प्रिंगचाच भाग आहे. एक कमी झाला किंवा उलटा बसला तरी प्रेशर बदलतं. पुन्हा उघडा, पुस्तिकेतल्या आकृतीशी क्रम आणि तोंडं ताडून पाहा. पुढच्या वेळी टेबलावर पांढरं फडकं अंथरा, भाग निघतील त्या क्रमाने मांडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.