सोलापुरात जळाऊ लाकडाची वखार टाकून पाच एकरांवर झाडी लावणं जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण सोलापुरात पाच एकर मुरमाड रान आहे, विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी टिकतं. शहराच्या कडेला जागा भाड्यानं घेऊन जळणाची छोटी वखार टाकायची, रानात झाडी लावायची आणि पुढं तोच माल वखारीत आणायचा. जमेल का, झाडं कोणती लावावीत, परवानग्या काय लागतात?

दोन्ही कामं जमतील. मी स्वतः वखार चालवतो आणि रानात झाडंही लावली आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो. फक्त ‘तोच माल वखारीत’ हा जो दुवा तुम्ही धरलाय, तो आधी हिशेबात तपासा. आपल्याकडं पाऊस सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. मुरमाड जमिनीत, बागायती पाणी न देता, एकरी वर्षाला टनभर वाळलं लाकूड वाढलं तरी मी त्याला चांगलं म्हणेन. म्हणजे पाच एकरांत पाच टन. छोटी वखार म्हटली तरी दिवसाला टनभर माल हलला पाहिजे, नाहीतर भाडं आणि मजुरी निघत नाही. तुमच्या रानाची वर्षभराची वाढ वखार आठवड्यात विकून मोकळी होईल. रान वखारीला पोसेल या आशेवर झाडं लावलीत, तर चौथ्या-पाचव्या वर्षी पैशाची ओढ लागल्यावर कोवळी झाडं तोडाल, आणि तेव्हा वखारही भरणार नाही, रानही उरणार नाही.

मग वखारीला माल कुठून? वेडी बाभूळ. ओढ्याकाठी, पडीक रानात, तलावांच्या पोटात, जिथं बघाल तिथं ती माजलीय. मूळची अमेरिका खंडातली, इथं आणून लावली आणि हाताबाहेर गेली. लाकूड मात्र जड, निखारा टिकणारं, जळणासाठी उत्तम. शेतकऱ्याला रान मोकळं करून हवं असतं, तुम्हाला माल हवा असतो. तोडणीचं काम अंगावर घ्या, पण मालकाशी बोलून घेतानाच ठरवा की खोड नुसतं वरून छाटायचं नाही, बुडखा जमिनीखाली वीतभर तरी खणून काढायचा. वरून तोडलेली वेडी बाभूळ एका पावसात दुप्पट फुटव्यांनी उभी राहते आणि शेतकरी पुढच्या वेळी तुम्हाला बोलवत नाही. बुडखे निघाले की त्याचं रान सुटतं, आणि बुडख्याचं लाकूड सगळ्यात जड असतं, भट्टीवाले ते मागून नेतात. मजुरांना जाड तळाचे बूट आणि चामड्याचे हातमोजे द्या. तो काटा चपलेतून आरपार जातो, आत मोडला तर पाय पिकतो.

मालकाची लेखी संमती आणि सातबाराची प्रत प्रत्येक फेरीला गाडीत ठेवा. गायरान, वन खात्याची किंवा पाटबंधाऱ्याची जमीन असेल तर परवानगीशिवाय एक फांदी उचलू नका, गावातलं कुणी ‘घेऊन जा’ म्हणालं तरी. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, फणस, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते. महापालिका हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे आणि तिथं वृक्ष प्राधिकरणाकडं जावं लागतं. वाहतुकीचा पास झाडाच्या कोणत्या जातीला लागतो आणि कोणत्या जातीला सूट आहे, त्याची यादी वन परिक्षेत्र कार्यालयातून लेखी घ्या आणि गल्ल्यामागं चिकटवून ठेवा. कुऱ्हाड, घण आणि पाचर यांवर काम चालतं तोवर ठीक, पण आरा मशीन बसवायचं मनात आलं तर आधी वन खात्याचा परवाना.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वाळवण. वखारीत नफा-तोटा इथंच ठरतो आणि बहुतेक जण इथंच घाई करतात. ताज्या तोडीच्या शंभर किलो बाभळीत साधारण चाळीस किलो पाणी असतं. ती वीस टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की वजन पंच्याहत्तर किलोवर येतं. म्हणजे टनभर ओला माल घेतलात तर विकायला साडेसातशे किलो. शंभर रुपयांना घेतलेला माल एकशे तेहतीसला विकलात तेव्हा कुठं खरेदी निघाली. वाहतूक, फोडणावळ, जागाभाडं, कचरा हे सगळं त्यावर. ओला माल तसाच वजनावर खपवण्याचा मोह होतो, पण भट्टीत घातल्यावर आधी ते पाणी उकळून जातं, धूर होतो, भट्टी तापायला उशीर लागतो. बेकरीवाला हे पहिल्याच पहाटे ओळखतो. वाळलेलाच माल देतो एवढी ख्याती झाली की दोन रुपये जास्त देऊनही गिऱ्हाईक तुमच्याकडं येतं.

वाळवणाला सोलापूरसारखं गाव नाही. मार्च ते मे पारा चाळिशीपार असतो आणि हवा कोरडी. लाकूड आधी फोडा, मग रचा. अख्खा ओंडका सालीच्या आत वर्षभर ओला राहतो, मनगटाएवढ्या फोडी उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतात. रास जमिनीला टेकू देऊ नका, खाली दगड किंवा जाड ओंडके घाला, नाहीतर वाळवी वर चढते. रांगा एकमेकींना चिकटवू नका, मधून माणूस जाईल एवढी वाट सोडा, आणि रांगेची रुंद बाजू पश्चिमेच्या वाऱ्याकडं ठेवा. पावसाळ्यात ताडपत्री फक्त माथ्यावर. चारी बाजूंनी गुंडाळलेली रास आत घाम धरते आणि बुरशी येते.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? फोडीच्या टोकाला मधोमध चांदणीसारख्या चिरा पडतात, साल नखानं सुटते, आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर टण्ण असा आवाज येतो. ओली असेल तर धप्प. आमच्याकडं नवा पोरगा आला की पहिले काही दिवस त्याला हेच काम देतो, आपटून ऐकायचं आणि दोन ढीग करायचे. आणखी पक्कं हवं असेल तर प्रत्येक राशीतल्या चार-पाच फोडींवर रंगानं खूण करा आणि आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की रास तयार. राशीखाली पिवळसर पीठ दिसलं तर भुंगा लागलाय. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो फार लागतो. तो माल आधी विका, साठवू नका.

गिऱ्हाईक एकाच प्रकारचं ठेवू नका. बेकऱ्या आणि ढाबे वर्षभर घेतात. लग्नसराईत आचारी एकदम मोठी मागणी करतात आणि आदल्या दिवशी सांगतात, म्हणून मार्चपासून वाळला माल हाताशी हवा. रंगाईच्या कारखान्यांचे बॉयलर मोठे घेणारे आहेत, पण तिथं भुशाच्या ब्रिकेटशी, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या ठोकळ्यांशी, स्पर्धा आहे आणि उधारी लांबते. घरगुती सरपण उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आल्यापासून कमी झालंय, त्यावर हिशेब बांधू नका. मुंबईत 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडं वळायला सांगितलं होतं. आपल्याकडंही कधी वारं तसं फिरलं तर फक्त बेकऱ्यांवर उभी असलेली वखार अडचणीत येईल. अंत्यविधीसाठी तीनशे-चारशे किलो वाळलं लाकूड लागतं आणि निरोप रात्री-अपरात्री येतो. त्या घरच्या माणसाशी भावाची घासाघीस करायची नाही आणि ओलं लाकूड तर कधीच द्यायचं नाही. माझ्या मते वखारवाल्याची नियत तिथं कळते. रंग दिलेलं, प्लायवुडचं, जुन्या फर्निचरचं लाकूड खाण्याच्या भट्टीला विकू नका, त्याचा धूर विषारी असतो.

आता रान. झाडं लावण्याआधी तुमचं रान मुळात काय आहे ते बघा. पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत असेल, चंडोल आणि पखुर्ड्या हे पक्षी दिसत असतील, कधी काळवीट येत असेल, तर ते पडीक नव्हे, ते माळरान आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासून याच माळासाठी राखलंय. माळढोक पक्ष्याला मोकळं गवत लागतं, झाडी नको असते. लांडगा, खोकड यांचंही तेच. अशा तुकड्यावर खड्डे मारून झाडं लावणं म्हणजे जिवंत गोष्ट मोडून दुसरी उभी करणं आहे, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. तो भाग तसाच ठेवा, गवत कापून विका. झाडी ओढ्याच्या कडेनं, बांधावर आणि जिथं पूर्वी नांगरट होऊन माती धुपलीय तिथं लावा. पाच एकरांत अशी जागा दीड-दोन एकर निघाली तरी भरपूर झाली.

झाडांत पहिला मान देशी बाभळीचा. बांधावर रामकाठी लावा, ती सरळ वर जाते, सावली कमी पडते, ज्वारीला त्रास होत नाही. सोबत हिवर, बोर, कडुनिंब. कडुनिंबाचा धूर कडवट, स्वयंपाकाला कुणी घेत नाही, तो सावलीसाठी आणि निंबोळ्यांसाठी. अंजन हळू वाढतो, पण दुष्काळात पाला देतो. तो अनुसूचीत आहे हे लक्षात ठेवूनच लावा. सीताफळाला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून कडेला ते. सुबाभूळ लवकर वाढते आणि तोडली की फुटते, पण बी उधळून सगळीकडं पसरते. लावलीत तर शेंगा पिकण्याआधी छाटत राहण्याची तयारी ठेवा.

बाभळीचं बी विकत आणू नका. शेळ्या शेंगा खातात आणि त्यांच्या वाड्यात जे बी पडतं ते चांगलं उगवतं, कारण पोटातून गेल्यावर वरचं कठीण कवच नरम झालेलं असतं. धनगराला सांगितलं की पोतंभर लेंड्या देतो. तसं नाही जमलं तर उकळी येऊन जरा निवलेलं पाणी बियांवर ओता आणि रात्रभर भिजू द्या.

तीन-तीन मीटरवर लावलीत तर एकरी साडेचारशेच्या आसपास झाडं बसतात. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्या, उताराला आडवे समपातळीत चर काढा. लागवडीची घाई मृगात करू नका. आपल्याकडं जुलैमध्ये हमखास ओढ देतो आणि खरा पाऊस बहुतेकदा सप्टेंबरात येतो. जमीन हातभर भिजली की लावा. पहिले दोन उन्हाळे झाडामागं आठवड्याला दहा लिटर पाणी धरा, म्हणजे एकराला आठवड्याला साडेचार हजार लिटर, एक छोटा टँकर. तुमची विहीर संक्रांतीनंतर आटते, म्हणजे हे पाणी विकतचं आहे. एवढा खर्च झेपत नसेल तर एका वर्षी अर्धाच एकर लावा.

वखारीचा आणि रानाचा खरा संबंध इथं येतो. फोडताना निघालेली साल, ढलप्या आणि भुसा रानात न्या आणि झाडाभोवती चार बोटं जाड पसरा, खोडापासून हातभर लांब, म्हणजे वाळवी खोडाला भिडत नाही. पाणी बरंच कमी लागतं. राख मात्र टाकू नका. आपली जमीन आधीच चुनखडीची आणि अल्कधर्मी, राख तिला आणखी तिकडंच ढकलते.

सातव्या-आठव्या वर्षापासून विरळणी करा, तीही पट्ट्यापट्ट्यानं, दर वर्षी एकच पट्टा. सुबाभूळ फेब्रुवारीअखेर गुडघ्याखाली तिरपी कापा, पावसावर फुटवे येतील. त्यातले तीन-चार जोमदार ठेवून बाकी काढा आणि वर्षभर शेळ्या आत येऊ देऊ नका. देशी बाभूळ मोठी झाल्यावर तोडली तर नीट फुटत नाही, तिच्या फक्त फांद्या छाटा किंवा तोडाल तिथं नवं रोप लावा. तोवर तिच्या शेंगा शेळ्यांना, डिंक घराला आणि पाला मातीला मिळत राहतो. लावलेल्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यासाठी मोबाइलवरून करायच्या सरकारी पीक नोंदणीत, करत चला. पुढं तोडीच्या वेळी झाडं तुमचीच असल्याचा कागद लागतो.

एक सांगा, मुरमावर माती किती आहे? रानात तीन-चार ठिकाणी कमरेइतका खड्डा घेऊन बघा. वीतभर मातीखाली लगेच कठीण खडक लागत असेल तर तिथं फक्त गवत आणि बोर, हातभर भुसभुशीत मुरूम असेल तर बाभूळ-हिवर निभावतील. खड्ड्यांचं कळवलंत तर कुठल्या कडेपासून सुरुवात करायची ते सांगतो.