आकडा कोणाचा, लागतो कोणाला

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नंदुरबारच्या परिसंवादात तू साक्षरतेचा आकडा सांगितलास, त्यावर धडगावकडचा एक तरुण उठून म्हणाला, "आम्हाला शिव्या द्यायला आलात का?" आता तू विचारतेस की जनगणनेत छापलेला आकडा वाचून दाखवला तर त्यात अपमान कसला. भाषणाचा कागद सोबत जोडलास ते फार बरं केलंस.

आकडा बरोबर आहे. २०११ ला नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.३८ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. पण लगेच पुढची ओळ बघ: "एवढ्या अडाणी समाजाकडून आपण कसली अपेक्षा ठेवायची?" हे जनगणनेत कुठे लिहिलंय? ते तुझ्या पदरचं आहे. आणि समोर बसलेल्यांमधून त्या पोराला वेगळं काढून हे "आपण" कोण म्हणे? सात वर्षांच्या आणि त्यावरच्या किती जणांना लिहिता-वाचता येतं, एवढंच तो आकडा सांगतो. का येत नाही, ते सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास सातपुड्यातल्या पाड्यांवरून घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात, गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात, आणि पोरं सोबत जातात. शाळेपर्यंत न पोहोचलेलं मूल आणि मुलापर्यंत न पोहोचलेली शाळा, दोन्ही एकाच रकान्यात पडतात. तू तो सगळा रकाना पोराच्या नावावर टाकलास.

आता त्याच जनगणनेतला दुसरा तक्ता काढ. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली किती? नंदुरबारात ९४४. आमच्या जळगावात ८४२. राज्याची सरासरी ८९४. जळगावची साक्षरता ७८ टक्क्यांवर, केळी, सोनं, दवाखाने सगळं आमच्याकडे, आणि मुली गायब. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, म्हणजे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. पण हा आकडा जळगावात बोलून बघ. "जिल्ह्याची बदनामी करता का?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वक्ता बोलायला उभा राहिला की कोण उठणार ते ओळखता येतं. त्याच गल्ल्यांमध्ये श्रावणात कानबाई देवीचे रोट किती भक्तीने होतात तेही बघत आलोय. असो.

हे लोक दुखावले तर दुखावू दे. तिथे माफीबिफी मागू नकोस. सोनोग्राफीला पैसे मोजणारा आकडा ऐकून चिडतो. जिच्याबद्दल तो आकडा आहे, ती चिडायला जन्मलीच नाही. धडगावच्या पोराचं तसं नाही. त्याला जे मिळालं नाही, त्याचाच दोष तू त्याच्या माथी मारलास. दोघंही रागावतात, आवाज दोघांचाही सारखाच चढतो, पण दोन्ही राग एका मापाने मोजायचे नाहीत. उत्तर देण्याआधी एवढं बघत जा की हा आकडा कोणाच्या करणीचा आहे आणि आपण तो कोणाच्या तोंडावर मारतोय.

म्हणून आता कुपोषणाचे आकडे बोलायचेच नाहीत, असं जे तू शेवटी लिहिलंस, ते मला अजिबात पटलं नाही. नंदुरबारातल्याच अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या अंगणवाडीत दिवसभर बस. सेविका पोराचा डावा हात सरळ करते, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, वर हिरवा. आईला आकडे वाचता येवोत न येवोत, तिची नजर रंगावर असते. लाल निघालं तर पोराचं नाव यादीत जातं आणि ग्राम बाल विकास केंद्रात जादा आहार, औषध सुरू होतं. हा आकडा लाजेखातर कोणी अकराच्या जागी बारा लिहिला, तर ताटातला घास जातो. अपमान होईल म्हणून आकडा झाकणं सगळ्यांत जास्त कोणाच्या सोयीचं असतं? ज्याला वरून जाब विचारला जाणार आहे, त्याच्या. फक्त "सॅमचं पोर आलं", म्हणजे अतितीव्र कुपोषित, असं त्या आईसमोर म्हणू नये. पोराला नाव असतं.

एका प्रकारच्या आकड्यांपासून मात्र चार हात लांब राहा. अमुक समाजात गुन्हेगारी जास्त, हे सांगायला पोलिसांचे आकडे हमखास पुढे येतात. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या; पुढे पारधीही त्यात आले. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. कायदा १९५२ ला गेला, संशय गेला नाही. जिथे चोरी झाली की आधी तांड्यावर गाडी जाते, तिथे अटकेचा आकडा चोराइतकाच पोलिसाच्या सवयीचाही असतो. असा आकडा मांडायचाच असेल तर तो कसा गोळा झाला हे आधी सांग, नाहीतर मांडू नको.

एरंडोलच्या बाजूला एका सभेत एक म्हातारे शेतकरी अधिकाऱ्याला मध्येच थांबवून म्हणाले होते, "हाऊ आकडा कोना शे?" म्हणजे हा आकडा कोणाचा आहे? अधिकारी गडबडले, त्यांना वाटलं खात्याचं नाव विचारतोय. बाबांना ते नको होतं. आमच्या गावातल्या कोणाकोणाला धरून हा काढलात, असं त्यांना विचारायचं होतं. विचारणारा असा भेटला तर नशीब समज, आणि बसवून नीट सांग.

अजून एक. तू २०११ चा आकडा "आहे" म्हणून सांगितलास. पुढची जनगणना लांबत लांबत २०२७ वर गेलीय. २०११ ला सहा वर्षांचं असलेलं पोर आज मतदान करतं. वर्ष तोंडाने म्हणायचं, तळटीपेत ढकलायचं नाही.

धुळ्याच्या कार्यक्रमाचं भाषण लिहिलंस की पाठव. साक्षरतेचा आणि मुलींचा, दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेव. आणि तो धडगावचा पोरगा, त्याचा फोन नंबर कोणाकडून तरी मिळव आणि भाषण आधी त्याला वाचून दाखव. तो जिथे अडवेल, तिथली ओळ मला लाल पेनने खूण करून पाठव.

तुझे,
नाना
जळगाव